चौथ्याचं तिकीट

१

औरंगपुऱ्यात माझं तिकिटांचं दुकान आहे. बोर्डावर 'ट्रॅव्हल्स' लिहिलंय, पण लोक दुकानच म्हणतात आणि मलाही त्यात कमीपणा वाटत नाही. एकतीस वर्षं झाली. आधी रेल्वे आणि खाजगी बस, मग विमान. गिऱ्हाईक आलं की मी पाण्याचा ग्लास पुढं करतो आणि विचारतो, "लांब निघालात का?" कुठं निघालात, असं विचारत नाही. निघणाऱ्याला 'कुठं' म्हणू नये, हे आमच्या घरात मुरलेलं. अख्खा धंदा 'कुठं'चा आणि तोच शब्द तोंडात नाही, म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला बन्सी मला चिडवतो. चिडवू दे. मी असल्या गोष्टी मानत नाही, फक्त पाळतो.

माझं नाव बद्रीनाथ. मूळ फुलंब्रीचा, आता घर हर्सूलकडं. एकुलती एक लेक उमा, ती स्वीडनमध्ये गोटेनबर्गला. जावई केशव तिथं नोकरीला आहे. तिथली माणसं गावाचं नाव 'योतेबोरी' असं काहीतरी म्हणतात. माझी थोरली बहीण आवडाबाई, म्हणजे आक्का, पहिल्या दिवसापासून 'गोट्याचं गाव' म्हणते. तिला कितीदा सांगितलं, ऐकेल तर शपथ.

आदल्या वर्षी उमाचं पाच महिन्यांचं गेलं. केशव कामावर होता आणि पोरगी घरात एकटी. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, तू पाहिजे होतीस." त्या दिवसापासून माझी बायको वच्छला नीट जेवली नाही. पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं लेकीला शब्द दिला, की कळा सुरू व्हायच्या आत मी तुझ्या उशाशी असेन. तारीख वीस डिसेंबरची होती. वच्छलाला वेळेवर पोचवणं हे माझं काम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांना पोचवलं, स्वतःच्या बायकोला पोचवता आलं नाही तर दुकानाला कुलूप लावलेलं बरं.

रस्ते चार. पहिला, सगळा विमानानं, जर्मनीत बदलून थेट गोटेनबर्ग. पण तिथं बदलायला तासच मिळतो, आणि वच्छलाच्या पायांना सूज, तिला धावणं नाही. दुसरा, स्टॉकहोमपर्यंत विमान आणि पुढं तीन तास रेल्वे. डिसेंबरात तिकडचा बर्फ म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. तिसरा, जर्मनीहून रात्रभराचं जहाज. आक्का म्हणाली, "पाण्यावरनं मी येणार नाय." चौथा, डेन्मार्कात कोपनहेगनला उतरायचं, विमानतळाच्या खालीच रेल्वेचं स्टेशन, तिथून समुद्रावरच्या पुलावरून साडेतीन तासांत गोटेनबर्ग. चालणं कमी, बदल एकच. मी चौथा धरला.

२

तिकीट काढायच्या दिवशी वच्छला आणि आक्का दोघी दुकानात आल्या. बाळंतपणातलं आक्काला कळतं, म्हणून तिला न्यायचंच होतं.

"किती जणं व्हतो आपण?" आक्कानं विचारलं.

"तिघं."

"तिघं नाय जायचं. तीन तिगाडा, काम बिगाडा." तिनं कापडी बटव्यातून लिंबाएवढा गोटा काढून माझ्या टेबलावर ठेवला. गिरजा नदीच्या पात्रातला, काळा, गुळगुळीत. "हा चौथा."

हे आमच्याकडं आजही चालतं. सोयरीक बघायला तिघं निघाले की कुणीतरी सुपारी नाहीतर रस्त्यावरचा खडा खिशात टाकतं. तो चौथा माणूस. काम झालं की तिथंच टाकून द्यायचा. मी हसलो आणि म्हणालो, गोट्याच्या गावाला गोटा नेतेस होय. ती हसली नाही.

विमानाची तीन तिकिटं निघाली. मग रेल्वेचं काढायला घेतलं. त्या गाडीत चार जागांचं टेबल मिळतं, दोन इकडं, दोन समोर. मी म्हटलं, चारही जागा घेऊन टाकू, वच्छलाच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी राहिली तर तिला पाय वर घेऊन बसता येईल. पण संगणक काही पुढं सरकेना. चौथ्या प्रवाशाचं नाव भरा, म्हणत होता.

वच्छला चहा पीत होती. म्हणाली, "माझंच टाका. दोन्ही जागा माझ्याच की."

मी दिवसाला वीस-वीस नावं भरतो. वरचं नाव उचललं, खाली डकवलं आणि बटण दाबलं. वच्छला बद्रीनाथ, या नावाची दोन तिकिटं निघाली. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

"चौथ्याचं काय लिहिलंस?" आक्कानं विचारलं. मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. "चौथ्याला नाव देत नसतेत, बद्री."

"गोट्याला नाही दिलं गं, जागेला दिलं."

"तेच की," ती म्हणाली आणि गोटा उचलून बटव्यात टाकला.

३

निघायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. मी हॉलमध्ये सामानाचं वजन करत होतो. अळिवाचे लाडू, डिंक, बाळाची दुपटी, सगळं तेवीस किलोत बसवायचं होतं. वच्छलाला हाक मारली, "अगं, इकडं ये जरा."

आतल्या खोलीतून "ओ" आली. तिचीच, नेहमीची, थोडी वैतागलेली. मी वाट बघत बसलो. मग जिन्यावर पावलं वाजली आणि वच्छला गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली.

"हाक मारली का?" तिनं विचारलं.

मी आतल्या खोलीत जाऊन आलो. खाट, कपाट, उघडी बॅग. खिडकी बंद होती. शेजारच्या घरात कुणी ओ दिली असेल, भिंतीला भिंत आहे. मी तेच धरून चाललो. आक्काला सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

मुंबईला विमानतळावर आक्काचा बटवा तपासणीत अडकला. पोरगेला जवान गोटा हातात घेऊन म्हणाला, "माताजी, ये क्या है?"

"माणूस हाय," आक्का म्हणाली. तो हसला आणि सोडून दिलं. वच्छलाही हसली. तिचं तेवढं मोकळं हसणं मी वर्षभरानं ऐकलं होतं. बरं वाटलं.

४

कोपनहेगनला उतरलो तेव्हा दुपार होती, पण उजेड असा की दिवा लावावा. रेल्वे वेळेवर आली. मी आणि आक्का एका बाजूला, समोर वच्छला. तिच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी. आक्कानं तिथं बटवा ठेवला. वच्छलानं बूट काढले. सुजून पायांचे घोटे दिसेनात, तिनं ते वर ओढून घेतले आणि शाल पांघरली.

पूल ओलांडला की स्वीडनचं पहिलं स्टेशन जमिनीखाली येतं. तिथं पोलीस डब्यात चढले. एका उंच पोरानं माझ्याकडून तीन पासपोर्ट घेतले, तोंडं पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, "आणि खिडकीपाशी बसलेल्या बाईंचा?"

"तिथं कुणी नाही," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा पाहिलं. खिडकीबाहेर काळोख, काचेत आमचीच तोंडं. तो माफ करा म्हणाला आणि पुढं गेला. काचेत वच्छला दिसली असेल, मी म्हणालो. कुणीच काही विचारलं नव्हतं, तरी मी हे मोठ्यानं म्हणालो.

पुढं उजेड आला आणि साडेतीनला गेलासुद्धा. साडेतीन वाजता. घड्याळ बघून माझा विश्वास बसेना. हाल्मस्टाड नावाचं स्टेशन गेल्यावर वच्छला बूट न घालताच मोज्यांवर उठली. बाथरूमला जाऊन येते म्हणाली आणि डब्याच्या मागच्या बाजूला गेली. शाल तिनं खिडकीच्या जागेवर टाकली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तिकीट तपासणारी बाई आली. मी फोनवरची तिकिटं दाखवली. तिनं चार वेळा यंत्र लावलं, चार वेळा टुंग वाजलं.

"चौघंही आहात, छान," ती म्हणाली.

"माझी बायको आत गेलीय, येईल आता," मी म्हणालो.

तिनं शालीकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाली, "झोपल्यात. उठवू नका."

ती गेली. मी शालीकडं पाहत राहिलो. शाल गोळा होऊन पडली होती, उशी घेऊन कुणी मुटकुळं करून निजावं तेवढा उंचवटा. आक्का डोळे मिटून होती, झोपली होती की नाही कोण जाणे. मी शेवटी वाकून शाल ओढली. खाली सीट होती आणि बटवा होता. बटव्याचं तोंड उघडं होतं.

तेवढ्यात वच्छला आली. पण पुढच्या बाजूनं.

"तू तर मागं गेली होतीस," मी म्हणालो.

"तिकडचं बंद होतं," ती म्हणाली आणि बसली. मी तिकिटं दाखवत होतो तेवढ्यात शेजारून पुढं गेली असेल. तिनं वाकून बूट घातले. एका झटक्यात पाय आत गेले, तिनं नाड्यासुद्धा बांधल्या.

"सूज उतरली की," मी म्हणालो.

"उतरली," ती म्हणाली आणि गोड हसली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

५

गोटेनबर्गचं स्टेशन म्हणजे रुळांचा शेवट. गाडी तिथं संपते आणि थोड्या वेळानं तीच उलटी कोपनहेगनला जाते. आम्ही बॅगा उतरवल्या. थंडी अशी की दात वाजत होते. लांबून उमा दिसली, पोटावर हात, शेजारी केशव. वच्छला माझ्या पुढं गेली आणि लेकीला कवटाळलं. उमा लहान पोरीसारखी रडायला लागली. "आलीस गं, आलीस." मलाही भरून आलं. पोचवलं, मी मनात म्हणालो.

आक्का थांबली होती. बटव्यात हात घालून चाचपत होती. "बद्री, चौथा कुठंय?"

"सीटवर पडला असेल. राहू दे."

"नाय, बघ."

मी मागं वळून आमच्या डब्याकडं पाहिलं. दारं बंद झाली होती, आत दिवे होते. आमच्या टेबलाशी, खिडकीच्या जागेवर, वच्छला बसली होती. मोज्यांतले पाय वर घेतलेले. तळहात काचेवर टेकवलेला. तिचं तोंड हलत होतं.

मी परत पुढं पाहिलं. वच्छला उमाचे गाल पुसत होती.

प्रतिबिंब, मी स्वतःला सांगितलं. काच आहे, दिवे आहेत, मी तीस तास झोपलेलो नाही. पण काचेत पडायला ती काचेसमोर असावी लागते, आणि ती तर फलाटाच्या त्या टोकाला होती. हे मला तेव्हाही कळत होतं. उमा हाका मारत होती, "बाबा, चला ना, गारठून जाल." मी बॅग उचलली आणि चालायला लागलो.

६

दोन दिवसांनी मुलगी झाली. चौदा तास कळा चालल्या आणि चौदा तास उमानं आईचा हात सोडला नाही. "आई होती म्हणून निभावलं," ती केशवला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मी काय बोलणार होतो.

घर तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जमिनीचं. पाऊल टाकलं की करकरायचं. फक्त वच्छलाच्या पावलाखाली करकरायचं नाही. ती बाळाला तेल लावायची, शेक द्यायची, उमाला अळीव खाऊ घालायची. एकदाही चिडली नाही, एकदाही कंबर धरून बसली नाही. दुपारी तिच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून जमिनीवर काहीतरी हळू घरंगळत गेल्याचा आवाज यायचा. भिंतीपर्यंत जायचा, थांबायचा, परत यायचा. केशव म्हणाला, गरम पाण्याचे पाइप आहेत, हिवाळ्यात वाजतात. वाजत असतील. एकदा मी दार ढकललं तर ती बाळाशेजारी निजली होती, दोघींचे डोळे मिटलेले. मी उभा होतो तेवढा वेळ आवाज आला नाही.

आक्का तिच्या हातचं खात नव्हती. उपवास सांगायची, पित्त सांगायची. एकदा आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आपण चौघं आलो आन तिघं उतरलो," ती म्हणाली. "कोण राहिलं ते तू पाह्यलंस. मी नाय."

"उमाला सांगू का?"

"खुळा की काय? लेकरू अंगावर पितंय. भीती बसली तर दूध आटंल." तिनं माझा हात धरला. "ज्या नावानं आणलंस त्याच नावानं परत ने."

मी स्टेशनावर जायला लागलो. उमाला सांगायचो, पाय मोकळे करून येतो. कोपनहेगनची गाडी यायची, मी खिडकी-खिडकी बघत फलाटभर चालायचो. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी ती होती. तीच जागा, तेच मोजे. तिनं मला पाहिलं आणि हात आपटला, पण काचेतून आवाज आला नाही. मी धावत दारापाशी गेलो, आत शिरलो. टेबलाशी एक गोरा म्हातारा डबा उघडून जेवत होता. मी तिथंच मटकन बसलो आणि रडलो. म्हाताऱ्यानं मला कागदी रुमाल दिला.

७

नव्वद दिवसांचा व्हिसा संपत आला. परतीचं तिकीट मी स्वतः काढलं. तीच गाडी, तसंच चार जागांचं टेबल. वच्छला बद्रीनाथ, दोनदा. या वेळी बटण दाबताना बोट जड झालं होतं.

उमानं दारातच निरोप घेतला, बाळाला गारठा नको म्हणून. 'ती' बाळाची पापी घेऊन निघाली. गाडीत आम्ही तसेच बसलो. मी आणि आक्का इकडं, ती समोर, खिडकीची जागा रिकामी. मार्चचं ऊन होतं. आक्का तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. समोर 'ती' शांत बसली होती, माझ्याकडं मायेनं बघत. मी तीन तास तिची नजर चुकवत होतो. मनात एकच होतं, गाडी पोचेपर्यंत ती खिडकी भरली नाही तर माझी वच्छला कायमची गेली.

मग ते जमिनीखालचं स्टेशन आलं. बोगद्यात शिरताच काचा काळ्या झाल्या. मी काचेत पाहिलं. टेबलाशी चौघं होतो.

उजेड आला. समोर दोघी बसल्या होत्या. तोच स्वेटर, तेच मंगळसूत्र, कपाळावर तीच टिकली. चारी हात टेबलावर. आक्कानं माझ्या दंडात नखं रुतवली. गाडी पुलावर चढली, दोन्ही बाजूंना पाणी होतं, आणि डब्यात कुणी मान वर करून पाहिलं नाही. मी पायांकडं पाहिलं. एवढं बसून दोघींचे सुजले होते.

"अहो," दोघी म्हणाल्या. एकदमच.

विमानतळाचं स्टेशन जवळ आलं. गाडी तिथं मिनिटभर थांबते. मी दोघींच्या डोळ्यांत पाहिलं. एकीच्या डोळ्यांत माया होती. दुसरीच्या डोळ्यांत राग, असा की नजर भाजून काढावी. छत्तीस वर्षं संसार केलाय. मी राग ओळखतो.

मी खिडकीकडच्या रागावलेलीचा हात धरला आणि ओढलं. ती उठली, मोज्यांवर. जागेवर राहिली ती किंचित सरकून वाट देत म्हणाली, "जाऊन या." आवाजात जराही विखार नव्हता. दार लागलं. आक्कानं रिकामा बटवा फलाटावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि मला म्हणाली, मागं बघू नको. मी बघितलं नाही.

८

"पाहिलंत तुम्ही मला," वच्छला फलाटावरच म्हणाली. "मी काच बडवत होते. पाहिलंत आणि बॅग उचलून गेलात."

मी माफी मागितली. भर फलाटावर, लोकांसमोर तिचे पाय धरले. पाय गरम होते, सुजलेले होते. तिच्या लेखी सगळं मिळून तास-दोन तास झाले होते. बाथरूममधून ती जागेवर येऊन बसली होती, आणि आम्ही तिला सोडून उतरलो होतो, एवढंच. विमानात बसल्यावर तिनं विचारलं, "उमाला कळा लागल्या का?" मी तिला हळूहळू सांगितलं. मुलगी झाली, तीन महिन्यांची आहे, तुझ्यावर गेलीय. ती तोंडात पदर कोंबून रडली. "मी शब्द दिला होता," एवढंच म्हणत राहिली. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी म्हणालो, घरी पोचलो की पहिला फोन उमाला, डोळे भरून बघ बाळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्सूलच्या घरी पोचलो. आक्का नमस्कार करायला देवापाशी बसली. वच्छला तोंड धुवायला गेली. तीन महिन्यांच्या बंद घराचा वास येत होता. मी खुर्चीत बसलो, मोबाइल चालू केला आणि उमाला फोन लावला.

पडद्यावर तिचा चेहरा आला. ताजातवाना, हसरा.

"पोचलात बाबा? किती वाट बघायची मी."

"पोचलो गं. बाळ कुठंय? दाखव आधी."

"आंघोळ चाललीय." तिच्या मागं बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि बाळ खिदळत होतं.

"कोण घालतंय? केशव?"

उमा हसली. "त्याला जमतंय होय? आई घालतेय की. काल संध्याकाळी दारात हजर. म्हणाली, जीव बाळात अडकला, बाबांना विमानतळावर सोडून उलट्या गाडीनं आले. तुम्हाला बोललीच असेल ना? बाबा, काय झालं? बरं वाटत नाही का?"

पाणी ओतणं थांबलं.

वच्छला पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजलेले होते आणि आता हसत होते. तिनं हात पुढं केला.

"द्या इकडं," ती म्हणाली. "बघू दे मला माझी नात."